रनिंग मेट म्हणजे उपसरपंच का?

मागच्या अंकात अमेरिकन निवडणुकीवर दोन पानं लिहिली होती, त्यात शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं की रनिंग मेट, म्हणजे जोडीचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, निवडणं हा उमेदवाराचा पहिला खरा निर्णय असतो, आणि पत्रं नेमकी त्याच वाक्यावर आली. बाकी दोन पानं कोणी वाचली की नाही देव जाणे. असो, आज सगळे प्रश्न उपाध्यक्षपदाच्या उमेदवारावरच.

प्रश्न: आमच्या पंचायतीत सरपंच वरच्या वाड्यावरचा झाला की उपसरपंच खालच्या वाड्यावरचा करतात, म्हणजे कोणी रुसत नाही. अमेरिकेत पण तसंच ना? आणि तिथे हे ठरवतं कोण, पक्ष की उमेदवार?
(एक वाचक, डिचोली)

बाब, अर्धं तुम्हीच बरोबर सांगितलंत. वाड्यांची वाटणी तिथेही चालते, फक्त वाडे मोठे. १९६० साली केनेडी उत्तरेतला, मॅसॅच्युसेट्सचा, कॅथलिक, ४३ वर्षांचा, म्हणून जोडीला लिंडन जॉन्सन, दक्षिणेतला, टेक्सासचा, सिनेटमध्ये मुरलेला. २०१६ मध्ये ट्रम्पने माइक पेन्सला घेतलं कारण चर्चला जाणाऱ्या मतदारांना तीनदा लग्न केलेल्या बिल्डरबद्दल जरा शंका होती. कधीकधी उमेदवार हा हिशेब उलटा पण करतो, १९९२ मध्ये क्लिंटन आर्कान्सॉचा आणि गोर शेजारच्याच टेनेसीचा, दोघंही दक्षिणेतले, दोघंही तरुण, म्हणजे दोन्ही माणसं एकाच वाड्यावरची, आणि जिंकले की.

पण तुमच्या उपसरपंचात आणि ह्या माणसात एक मोठा फरक आहे. उपसरपंचाला पंच निवडतात आणि मनात आलं की पंचच अविश्वास ठराव आणून काढतात. आमच्या गावात एका टर्मला चार सरपंच झाले, चौथ्याच्या वेळी फटाके लावायला पण कोणी आलं नाही. अमेरिकेचा अध्यक्ष मंत्र्याला संध्याकाळपर्यंत घरी पाठवू शकतो, उपाध्यक्षाला नाही, कारण तो पण निवडून आलेला असतो. म्हणजे एकदा तिकिटावर नाव छापलं आणि जिंकलात की चार वर्षं तो माणूस तुमच्या गळ्यात.

ठरवतो कोण, तर आता उमेदवार स्वतः, पक्षाचं अधिवेशन फक्त मान डोलावतं. पूर्वी असं नव्हतं. १९४४ ला पक्षातल्या बड्या धेंडांनी रूझवेल्टच्या गळी हॅरी ट्रुमन उतरवला, आणि १९५६ ला उमेदवार अॅडले स्टीव्हन्सनने तर अधिवेशनाला सांगूनच टाकलं की उपाध्यक्ष तुम्हीच निवडा, तिथे सिनेटर केफॉव्हरने तरुण केनेडीला हरवलं. आता महिनोन्महिने वकिलांची टीम बसवतात, जुने टॅक्स रिटर्न, दवाखान्याचे कागद, कॉलेजमधली भाषणं, नवऱ्याचा किंवा बायकोचा धंदा, सगळं उकरून काढतात. लग्नाआधी मुलाकडची माणसं गावात येऊन हळूच चौकशी करतात ना, तसंच, फक्त इथे मुलगा सगळं आपल्याच हाताने लिहून देतो.

एवढं उकरायची सवय कशामुळे लागली ते सांगतो. १९७२, मायामी बीच. जॉर्ज मॅकगव्हर्नला डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली, त्याला जोडीला टेड केनेडी हवा होता, तो नाही म्हणाला, मग आणखी काही जण नाही म्हणाले, आणि नाव द्यायची वेळ तर संपत आलेली. शेवटी मिसूरीचा सिनेटर थॉमस ईगलटन ह्याला फोन लावला. मॅकगव्हर्नच्या माणसाने विचारलं, जुनं काही भानगडीचं नाही ना, तो म्हणाला नाही, आणि विषय फोनवरच संपला. त्या रात्री अधिवेशनात प्रतिनिधींनी उपाध्यक्षपदासाठी वाट्टेल ती नावं सुचवली, टीव्ही मालिकेतल्या एका पात्राचं सुद्धा, आणि मॅकगव्हर्न भाषणाला उभा राहीपर्यंत पहाटेचे तीन वाजत आले. आपल्याकडे २०१९ ला डॉ. प्रमोद सावंतांचा शपथविधी रात्री दोनच्या सुमाराला झाला तेव्हा अर्धा गोवा टीव्हीसमोर जागा होता, आपल्याला जत्रेतल्या नाटकांची सवय. अमेरिका झोपली होती.

मग बाहेर आलं की ईगलटनला नैराश्यासाठी तीनदा दवाखान्यात ठेवलं होतं आणि दोनदा विजेचे शॉक दिले होते. २५ जुलैला त्याने स्वतः पत्रकारांसमोर ते सांगितलं. मॅकगव्हर्न म्हणाला मी हजार टक्के ह्याच्या पाठीशी आहे. ३१ जुलैला ईगलटन बाहेर. उमेदवारी टिकली १८ दिवस. त्याच्या जागी सार्जंट श्रायव्हर आला आणि नोव्हेंबरमध्ये मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यं हरला. आता ती राज्यं काही एका ईगलटनमुळे गेली नाहीत, समोरचा निक्सन तसाही पुढेच होता. पण मला विचाराल तर आजारापेक्षा ते हजार टक्केच लोकांना जास्त झोंबलं, आठवड्याभरात शब्द फिरवणारा माणूस चार वर्षं काय करेल असं कोणालाही वाटणारच.

प्रश्न: रनिंग मेट आपलं राज्य जिंकून देतो का? २०२४ ला कमला हॅरिसनी पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर शपिरो ह्याला घेतलं असतं तर निकाल बदलला असता असं माझा मुलगा छातीठोकपणे सांगतो.
(एक वाचक, मडगाव)

मुलाला कागद-पेन घेऊन बसवा. अध्यक्ष ठरतो तो इलेक्टोरल मतांवर, ती राज्याराज्याला वाटून दिलेली असतात आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला सगळी मिळतात. हॅरिसना मिळाली २२६ इलेक्टोरल मतं, पेनसिल्व्हेनियाची १९, बेरीज २४५. लागतात २७०. म्हणजे शपिरोने आपलं राज्य ताटात घालून आणून दिलं असतं तरी पानावर २५ कमीच. हां, आता तो म्हणेल की शेजारची मिशिगन, विस्कॉन्सिन पण फिरली असती. फिरली असती कदाचित, पण मग ते 'रनिंग मेटचं राज्य' राहिलं नाही ना, वेगळीच गोष्ट झाली.

राज्य जिंकून दिल्याचं सगळे जण सांगतात ते उदाहरण एकच, जॉन्सनचं, १९६० ला टेक्सास साधारण ४६ हजार मतांनी आला, २४ इलेक्टोरल मतं. त्यानंतर यादी बघा. १९८८ ला डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिसने टेक्सासचाच लॉइड बेंट्सन घेतला, त्या पठ्ठ्याने त्याच दिवशी सिनेटची निवडणूक पण लढवली, लोकांनी त्याला सिनेटवर दणक्यात पाठवलं आणि अध्यक्षपदाचं मत थोरल्या बुशला दिलं! २००४ ला रनिंग मेट एडवर्ड्स, त्याचं नॉर्थ कॅरोलायना गेलं. २०१२ ला पॉल रायन, त्याचं विस्कॉन्सिन गेलं. गोर तर २००० ला स्वतः अध्यक्षपदाला उभा असताना आपलं टेनेसी हरला.

मग ओबामाने बायडेनला का घेतलं? डेलावेअरची मतं फक्त तीन. आपले दोन लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा धरला तर तेवढेच होतात, म्हणजे डेलावेअर हा त्यांचा गोवाच समजा, शिवाय ते राज्य आधीपासून खिशातलं. पण ओबामा चार वर्षांचा पण सिनेटर नव्हता, आणि बायडेन १९७३ पासून तिथे बसलेला, परराष्ट्र समितीचा अध्यक्ष. लोकांना दाखवायचं होतं की पोराच्या बाजूला घरातलं एक जाणतं माणूस आहे. त्याच वर्षी समोर मॅकेनने अलास्काची सारा पेलिन आणली, पहिले काही दिवस सभांना तुफान गर्दी, मग टीव्हीच्या मुलाखतीत साध्या प्रश्नांना ती अडखळायला लागली आणि लोक म्हातारबाच्या वयाकडे बघायला लागले. तो तेव्हा ७२ वर्षांचा. मतं आणणारा रनिंग मेट क्वचित सापडतो, घालवणारा सहज सापडतो.

प्रश्न: दोघं एकाच राज्याचे चालतात का?
(एक वाचक, पेडणे)

चालतात, पण पदरचं नुकसान करून. घटना म्हणते की एखाद्या राज्याच्या इलेक्टरने, म्हणजे ती इलेक्टोरल मतं टाकणाऱ्या माणसाने, आपल्याच राज्यातल्या दोन्ही माणसांना मत द्यायचं नाही, दोघांपैकी एक तरी बाहेरचा पाहिजे. म्हणजे बंदी नाही, फक्त त्या एका राज्याची मतं एकाच्या हातून जातात.

ह्यात सगळ्यात भारी किस्सा डिक चेनीचा. २००० साली धाकट्या बुशने त्याला काम दिलं की माझ्यासाठी रनिंग मेट शोध. चेनीने शोधला, शोधला, आणि शेवटी स्वतःच! मुलगी दाखवायला नेणारा मध्यस्थच बोहल्यावर चढला. आता अडचण अशी की बुश टेक्सासचा गव्हर्नर आणि चेनी पण तेव्हा डॅलसला राहायचा. मग जुलैमध्ये चेनी वायोमिंगला गेला, पूर्वी तिथूनच खासदार होता, आणि मतदार यादीत नाव तिकडे घालून आला. ह्याला नुसती कागदी कसरत म्हणू नका, कारण बुशला मिळाली २७१ मतं आणि त्यातली टेक्सासची ३२. ती ३२ चेनीला मिळाली नसती तर तो बहुमताला मुकला असता आणि उपाध्यक्ष कोण ते सिनेटने ठरवलं असतं. टेक्सासमधल्या काही मतदारांनी कोर्टात पण नेलं, कोर्टाने ऐकलं नाही. आपल्याकडे निवडणूक जवळ आली की मतदार यादीवरून जी भांडणं होतात तीच, फक्त हा माणूस विमानाने जाऊन आला.

प्रश्न: आपल्याकडे राष्ट्रपती वारले तर उपराष्ट्रपती काही महिनेच काम बघतात. तिथे उरलेली सगळी टर्म मिळते हे खरं का? शाळेत मुलं विचारतात.
(एक शिक्षिका, फोंडा)

खरं आहे, ताई. आपल्याकडे १९६९ ला झाकीर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी, आणि १९७७ ला फक्रुद्दीन अली अहमद गेले तेव्हा बी. डी. जत्ती, दोघंही काळजीवाहू, सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक. राज्यात तर तेवढंही नाही, १९७३ ला भाऊसाहेब बांदोडकर गेले तेव्हा आमदारांना नवा नेता निवडावा लागला आणि शशिकलाताई आल्या. अमेरिकेत मात्र उपाध्यक्ष अध्यक्षच होतो, पूर्ण, उरलेल्या सगळ्या काळासाठी. हा पायंडा १८४१ ला जॉन टायलरने पाडला, अध्यक्ष हॅरिसन महिन्याभरात वारला तेव्हा लोक टायलरला हंगामी म्हणायला लागले, त्याने ऐकूनच घेतलं नाही. घटनेत ते स्पष्ट लिहिलं गेलं थेट १९६७ ला. असे नऊ जण मध्येच अध्यक्ष झाले, आठ मृत्यूमुळे आणि एक, जेराल्ड फोर्ड, निक्सनच्या राजीनाम्यामुळे.

मुलांना ट्रुमनची गोष्ट सांगा. १२ एप्रिल १९४५, उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झालेले, संध्याकाळी कॅपिटलमध्ये सभापती रेबर्नच्या खोलीत निवांत एक पेग घ्यायला गेला तर निरोप, ताबडतोब व्हाइट हाउसला या. वर गेला तर एलेनॉर रूझवेल्टने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, अध्यक्ष गेले. ह्याने विचारलं मी तुमच्यासाठी काही करू शकतो का, तर ती म्हणाली, आम्हीच तुमच्यासाठी काय करू ते सांगा, अडचणीत तर आता तुम्ही आहात. आणि अणुबॉम्ब बनतोय हे ह्या माणसाला तोवर माहीतच नव्हतं! शपथेनंतर युद्धमंत्र्याने बाजूला घेऊन थोडंसं सांगितलं, सगळं नीट समजलं १३ दिवसांनी. ऑगस्टमध्ये हिरोशिमा. रूझवेल्ट आजारी आहे हे १९४४ च्या अधिवेशनात डोळ्यांनी दिसत होतं, बड्या धेंडांनी माणूस निवडला तो त्यामुळेच नीट बघून निवडला, आणि मग निवडलेल्या माणसाला कोणी काही सांगितलंच नाही. मला ह्यातलं हे दुसरं जास्त भयानक वाटतं.

प्रश्न: अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असं होऊ शकतं?
(एक वाचक, साखळी)

झालंय. १७९६ ला नियम होता की दुसरा येईल तो उपाध्यक्ष, त्यामुळे अॅडम्स अध्यक्ष आणि त्याचा विरोधक जेफरसन उपाध्यक्ष. पुढच्या वेळी जेफरसन आणि त्याचाच जोडीदार आरन बर, दोघांना ७३-७३ मतं, प्रतिनिधीगृहाला ३६ वेळा मतदान करावं लागलं. मग वैतागून १८०४ ला घटना बदलली.

प्रश्न: माझा नातू न्यू जर्सीत जन्मला, आता सात वर्षांचा आहे. तो होऊ शकेल का उपाध्यक्ष? हसू नका.
(एक आजी, म्हापसा)

हसलो नाही, आजी. जन्माने नागरिक पाहिजे, तो आहे. वय ३५ पाहिजे आणि चौदा वर्षं तिथे राहिलेला पाहिजे, अध्यक्षाला जे नियम तेच उपाध्यक्षाला. कमला हॅरिसची आई मद्रासहून गेलेली, मुलगी ऑकलंडला जन्मली म्हणून चाललं. तेव्हा अजून २८ वर्षं आहेत. फक्त त्या वेळी अध्यक्षपदाचा उमेदवार पण न्यू जर्सीचाच निघाला तर नातवाला वायोमिंगला एक खोली बघावी लागेल.