मित्राच्या मुलीला नायगाराच्या कॅनडा बाजूला नेताना कोणते कागद लागतात?

तुम्ही न्यू जर्सीहून गाडीने निघालाय, मुलगी दहा वर्षांची आणि तिचे आईवडील सोबत नाहीत. सगळ्यात आधी तिचं नागरिकत्व कोणतं ते बघा. अमेरिकेत जन्मलेली असेल तर सोळाच्या आत रस्त्याने जाताना जन्मदाखलाही चालतो. तरी पासपोर्ट असेल तर तोच घ्या. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असेल तर दोन्ही हवेत. एच-४ वर (अमेरिकेत एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर कॅनडाचा व्हिसा लागणार, आणि तो दोन दिवसांत होत नाही.

दुसरं म्हणजे आईवडिलांचं संमतिपत्र. कायद्याने सक्तीचं नाही, पण रेनबो ब्रिजवरचा (नायगारापाशी सीमा ओलांडायचा पूल) अधिकारी मागू शकतो. त्यात मुलीचं नाव, जन्मतारीख, तुमचं नाव, जाण्यायेण्याच्या तारखा, आईवडील दोघांच्या सह्या आणि फोन नंबर लिहा. नोटरी करून घ्या, बऱ्याच बँकांच्या शाखेत होते. आईवडिलांच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेशही.

आणि हो, अधिकारी कधीकधी थेट मुलीलाच विचारतो, "हे कोण तुझे?" तिथे 'काका' ऐकून त्याला तुम्ही सख्खे वाटाल. तिला आधीच सांगून ठेवा: "बाबांचे मित्र" म्हणायचं. अधिकाऱ्याने खात्रीसाठी आईवडिलांना फोन केला तर त्यांनी तो उचलायला हवा.