वाचकांचे प्रश्न : ऋतू पालटताना

प्रश्न : पाऊस संपल्यावर विहिरीवरची मोटर पहिल्यांदाच चालवली. पाणी भरून सुरू केली की पाच-सात मिनिटे जोरात धार येते, मग बारीक होत होत बंद पडते. पाइप वर ओढून नवा फुटबॉल (पाइपाच्या तळाची एकतर्फी झडप, फुट व्हॉल्व्ह) टाकला, तरी तेच.

उत्तर : फुटबॉलवर उगीच आळ आला. मोटर बंद असताना पाइपातले पाणी धरून ठेवायचे, एवढेच त्याचे काम. खात्री करायची तर बंद मोटरमध्ये तोंडापर्यंत पाणी भरा आणि दहा मिनिटे थांबा. पातळी हलली नाही तर फुटबॉल ठीक आहे.

चालू मोटरची धार तुटते तेव्हा एक तर कुठून तरी हवा शिरते, नाही तर उपशाने पाणी खाली जाऊन फुटबॉल उघडा पडतो. पावसानंतर विहीर भरलेली असताना दुसऱ्या कारणाची शक्यता कमी. तरी फुटबॉल पाण्यात निदान अर्धा मीटर बुडालेला आहे ना, ते बघा.

हवा शिरते ती सक्शनच्या, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या बाजूने. त्या बाजूला पाणी बाहेर गळत नाही, उलट हवाच आत ओढली जाते, म्हणून जोड कोरडा दिसतो आणि माणूस फसतो. मोटर चालू ठेवून एकेका जोडावर साबणाचा दाट फेस थापा. जिथला फेस आत ओढला जाईल, तिथे दोष. हे करताना वायरपासून हात लांब ठेवा, आणि जोड खोलायच्या आधी मेन स्विच बंद करा.

सगळे जोड निर्दोष निघाले तर ग्लँड बघा, म्हणजे शाफ्ट (फिरता दांडा) पंपात शिरतो तिथली दोरी भरलेली जागा. मोटर तीन-चार महिने पडून राहिली की ग्लँडमधली दोरी वाळून कडक होते आणि शाफ्टच्या कडेने हवा जाते. नट आवळून भागवू नका. कोरडी दोरी घासून जळते आणि शाफ्टला चरे पाडते. जुनी दोरी आकड्याने पूर्ण उपसून काढा. नवीचे वेढे तिरके कापून बसवा आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नका. नट दोन्ही बाजूंनी सारखे, बेताने आवळा. चालू मोटरच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडत राहिले पाहिजे, ते पूर्ण थांबवायचे नसते.

आणखी एक जागा. सक्शन पाइप विहिरीपासून मोटरकडे सतत चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा असेल तर तिथे हवा साचत जाते आणि काही मिनिटांनी धार तोडते. तुमचे पाच-सात मिनिटांचे गणित याच्याशीही जुळते.

(थ्री-फेज मोटर असेल आणि लाइनचे काम झाल्यावर सुरुवातीपासूनच पाणी कमी येत असेल, तर ती उलटी फिरते आहे. पंपावरचा बाण बघा. जाणकाराकडून तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करून घेतली की झाले.)

प्रश्न : गवत कापून आठ दिवसांपूर्वी गंजी रचली. सकाळी वरून वाफ निघते आणि तंबाखूसारखा वास येतो. उकलावी का?

उत्तर : आधी मोजा. दीड-दोन मीटरची लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून वीस मिनिटे ठेवा. बाहेर काढल्यावर टोक मुठीत निवांत धरता आले, तर रोज दोनदा तपासत राहा. धरवत नसेल तर उष्णता 60 अंशांच्या आसपास किंवा वर गेली आहे. अशी गंजी पाण्याची सोय आणि दोन-तीन माणसे हाताशी असल्याशिवाय उघडू नका. आतल्या तापलेल्या गवताला एकदम हवा मिळाली की ते पेटू शकते. वर चढून तर मुळीच उकलू नका; आत जळून पोकळी झाली असेल तर माणूस खाली जातो.

कारण साधे आहे, गवत ओले रचले गेले. वरून खडखडीत वाटते, पण पेरात ओल असते. 20 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा राहिला की बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांची उष्णता आत कोंडते. पुढच्या वेळी रचण्याआधी जाड काडी पेरावर पिळून बघा. कट्‌कन मोडली तर चालेल, वळली तर अजून ऊन दाखवा.

तापून तपकिरी झालेले गवत जनावरे आवडीने खातात, म्हणून ते चांगले असे समजू नका. त्यातली बरीच प्रथिने पचत नाहीत. बुरशी धरलेले मात्र गाभण जनावराला अजिबात नको. ते हलवताना नाकातोंडाला फडके बांधा.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर कोवळ्या चाऱ्यावर सोडलेली शेळी फुगली.

उत्तर : डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) वर आली असेल आणि टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज येत असेल, तर ती पोटफुगीच. मोठ्या शेळीला 50 ते 100 मिली खाद्यतेल हळूहळू पाजा. डोके वर ताणू नका, तेल फुफ्फुसात जाते. पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करा, जमल्यास चालवा. कोवळ्या द्विदल चाऱ्याने वायूचा फेस होतो, तो ढेकरेतून बाहेर पडत नाही. तेलाने फेस फुटतो. श्वास लागला किंवा शेळी आडवी झाली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, पशुवैद्याला बोलवा.

पुढे आठ-दहा दिवस चरायला सोडण्याआधी पोटभर सुकी वैरण द्या. दव वाळल्यावर सोडा, पहिल्या दिवशी वीस मिनिटेच.

प्रश्न : उन्हाळ्यात अंड्यांचे कवच पातळ का येते?

उत्तर : कोंबड्या धापा टाकतात, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारे द्रव्य कमी पडते. शिवाय त्या खातातही कमी. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, पाणी सावलीत ठेवा, शिंपल्यांचा जाड चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

प्रश्न : कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यात ढिला होतो. रात्रभर पाण्यात ठेवतो, चार दिवसांनी पुन्हा तेच.

उत्तर : पाण्याने लाकूड फुगते, पण लोखंडाच्या डोळ्यात (दांडा बसतो त्या भोकात) फुगायला जागा नसल्याने आतले तंतू चेपतात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. म्हणजे दर वेळी ढिलाई वाढणारच. जुनी पाचर काढून दांडा खोल ठोकून घ्या आणि नवी, पूर्ण वाळलेल्या लाकडाची पाचर मारा. वरच्या उघड्या टोकाला जवसाचे तेल दोन-तीनदा मुरवा. दांड्याला चीर गेली असेल तर पाचर मारू नका, दांडाच बदला.