जर्मनीत भाषाविज्ञानासाठी यावे का?

नवऱ्याची नोकरी आणि पाच वर्षांचा मुलगा असताना, भाषिक विविधता आणि भाषांचा प्रागितिहास या विषयात पीएच.डी. करण्यासाठी सावंतवाडीहून लाइप्झिगला यावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा आणि विमा यांची माहिती दूतावास देतो, ती मी पुन्हा लिहीत नाही. ‘मुलगा लहान आहे, भाषा पटकन उचलेल,’ हे तुमचे वाक्य वाचून मात्र मला राहवले नाही.

आधी कागदपत्रांविषयी सांगते. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचे नाव घातलेले आहे ना, ते आजच पाहा. आमच्या दाखल्यावर ती जागा कोरी होती आणि त्यापायी ग्रामपंचायतीपासून मुंबईपर्यंत घातलेल्या खेपा मी अजून विसरलेले नाही. इथला २००७ चा कायदा विद्यापीठांना मुदतीच्या नेमणुकांसाठी पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे देतो. करार संपत आला की निवास परवान्याची मुदतही संपत येते, आणि पुन्हा तीच फाईल घेऊन रांगेत उभे राहावे लागते. एकटेपणा पहिले दोन हिवाळे जाणवतो. त्यासाठी कोणी थांबू नये.

विषयाचे म्हणाल, तर जोहाना निकल्स यांची वाटचाल डोळ्यांपुढे ठेवा. नात्यातल्या भाषांचे शब्द ताडून पाहणाऱ्या तौलनिक पद्धतीने भाषाकुळांचा माग फार तर आठ-दहा हजार वर्षे मागे नेता येतो. त्यापलीकडे जाण्यासाठी बर्कलेच्या या स्लाव्हिक भाषांच्या अभ्यासक बाईंनी १९९२ च्या ग्रंथात १७४ भाषा निवडल्या आणि व्याकरणाची कोणती वैशिष्ट्ये जगाच्या कोणत्या भागात दाट आहेत, हे मोजले. पण त्यांनीच कित्येक वर्षे काकेशसमधल्या एकट्या इंगुश भाषेला दिली आणि २०११ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. तुम्हीही निघण्यापूर्वी एक भाषा मुळापासून धरा. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी शेजारच्या कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही घरोघर बोलली जाते. असे गाव आपल्या किनाऱ्यावर असताना केवळ इतरांनी भरलेल्या भाषांच्या तक्त्यांवर आयुष्य काढू नका. मी ते काढले आहे.

निकल्स यांनी मोजलेल्या वैशिष्ट्यांपैकी एक आपल्या तोंडी रोज असते. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. युरोपात हा भेद जवळजवळ नाहीच. पूर्वेकडे, पॅसिफिकच्या दिशेने जावे तसतसा तो वाढत जातो. जर्मनमध्ये दोन्हींसाठी ‘वीर’ हा एकच शब्द आहे.

माझा मुलगा पहिलीत असताना त्याच्या बाईंनी मला बोलावून सांगितले, की त्याला वर्गात मागे पडू द्यायचे नसेल तर घरीही जर्मनच बोला. चौथीनंतर मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, ही भीती मनात होतीच. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही, हे मी त्याच सत्रात माझ्या विद्यार्थ्यांना शिकवत होते. तरीही त्या संध्याकाळपासून मी घरात जर्मन सुरू केले. बाईंना काही माहीत नव्हते. मला माहीत होते.

तीन वर्षांनी, श्रावणात आम्ही मालवणला गेलो होतो. पाऊस जरा उघडला तेव्हा मुलगा पडवीत येऊन माझ्या सासूबाईंना म्हणाला, ‘आजी, आम्ही समुद्रावर जाऊ या.’ त्या पदराला हात पुसत उठल्या होत्या, त्या परत बसल्या आणि म्हणाल्या, ‘जावा तुमी.’ मुलाच्या एका हातात त्यांच्या चपला होत्या, दुसऱ्या हातात त्यांची छत्री. त्या का बसल्या ते त्याला कळेना, आणि त्याच्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिले नाही.

तुम्ही या, विषय तेवढा मोलाचा आहे. मुलाशी मात्र पहिल्या दिवसापासून मराठीतच बोला, शाळा काहीही म्हणो. त्या दिवशी पडवीत नेमके काय झाले, हे मी माझ्या मुलाला अजून सांगितलेले नाही.