"मॅडम, लेकरू एक काम धड पूर्ण करत नाही"

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सुरू होतं आणि पोळा-गणपतीपर्यंत चालू राहतं. परभणीच्या आया म्हणतात, सेलू-जिंतूरकडून येणाऱ्या म्हणतात. मोबाइल सुटावा म्हणून मोठ्या हौसेनं लेकराला हातकाम द्यायचं. कागद, पुठ्ठा, सुई-दोरा, ब्लाउजची कात्रणं सगळं मांडायचं. लेकरू दहा मिनिटं रमतं आणि उठून जातं. घरभर पसारा, अर्धवट वस्तूंचा ढीग, आणि वर आईच्या मनात भीती की याचं लक्षच कुठं लागत नाही, पुढं अभ्यासाचं कसं व्हायचं?

अशाच एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सोन्या म्हणू. वय साडेपाच. आई घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. हाताला सफाई असलेली, कष्टाळू बाई. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "दिवाळीपासूनचं सगळं अर्धवट पडलंय मॅडम. एवढी मोठी पिशवी भरली. शेजारचे म्हणायलेत, हायपर असंल, दाखवून घ्या एकदा."

"शाळेतून काही तक्रार?"

"नाही. बाई म्हणतात, वर्गात चांगला बसतो."

माझी निम्मी काळजी तिथंच मिटली. अतिचंचलतेचं निदान हातकाम अर्ध्यावर सोडलं म्हणून होत नसतं. ती लक्षणं घरी आणि शाळेत, अशी एकाहून जास्त ठिकाणी आणि निदान ६ महिने सतत दिसावी लागतात. शिवाय ती त्या वयाच्या इतर मुलांपेक्षा ठळकपणे जास्त असावी लागतात. शेजारणीच्या एका शब्दावर कितीतरी आया रात्र-रात्र जागतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. मात्र पाच वर्षांचं मूल खडू धरायचं टाळत असेल, शर्टाचं बटण लावताना फार झगडत असेल किंवा वस्तू अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत. सोन्याच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

"ती पिशवी पुढच्या वेळी घेऊन या," मी म्हटलं. "आणि सोन्यालाही."

पिशवीतलं सगळं आम्ही सतरंजीवर मांडलं. कागदी मुखवटा, मोज्याचं बाहुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि जाड कापडाचा एक राखाडी हत्ती. मी हत्ती हातात घेतला. पाठीवरून शेपटीपर्यंत बारीक, एकसारखी टीप. पण त्या टिपेच्या आत, कापडात मोठाली भोकं दिसत होती, वेडीवाकडी, एकेक बोटभर अंतरावर. आधी कुणीतरी तिथं जाड सुईनं टाके घातले होते आणि नंतर ते काढले गेले होते.

सोन्या कोपऱ्यात ठोकळे रचत होता. मी विचारलं, "सोन्या, हा हत्ती कुणाचा रे?"

"मम्मीचा."

"तू नाही शिवलास?"

"शिवला होता. मम्मीनं रात्री उसवला."

त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. आज गुरुवार आहे, इतक्या सहज सांगितलं आणि परत ठोकळ्यांकडे वळला. आईचे डोळे भरून आले. "टाके लई वाकडे होते वो. दोरा सगळा गुंतला होता. म्हटलं सरळ करून ठेवावं, सकाळी बघून त्याला बरं वाटंल."

मी बऱ्याच वेळानं एवढंच विचारलं, "बाकीच्या वस्तूंत सोन्याचा हात कुठं दिसतो, शोधू या का?" मुखवट्यावर एका कानाचा रंग सापडला. घराच्या खालच्या दोन काड्या. बाहुल्याचा एक डोळा. त्यापुढचं सगळं आईच्या हातचं होतं, देखणं आणि नीटनेटकं. मूल काम सोडून जात होतं हे खरं, पण त्याच्या हातातून ते काम आधीच गेलेलं होतं. साडेपाच वर्षांचा जीव हे बोलून दाखवत नाही, उठून जातो.

तीन ते सहा या वयात मुलाला सगळ्यात जास्त काय हवं असतं? "हे मी सुरू केलं" असं म्हणता येणं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयाचा मुख्य प्रश्नच पुढाकाराचा मानला. पुढाकाराला जागा मिळाली नाही की त्या जागी अपराधीपणा येतो, असं ते सांगतात. माझा या मांडणीवर फार विश्वास आहे, कारण ती मला माझ्या खोलीत सारखी खरी होताना दिसते. म्हणून आयांना मी आधी एकच पथ्य सांगते. लेकराचा टाका उसवायचा नाही. त्यानं स्वतः "मम्मी, हे काढून दे" म्हटलं तरच हात लावायचा.

पण एवढ्यानं पसारा थोडाच आवरतो! त्याचं उत्तर मला सोन्याच्या आजीकडून मिळालं. एकदा सुनेला ऑर्डर होती म्हणून त्या नातवाला घेऊन आल्या. मी सहज विचारलं, "तुम्ही वाकळ शिवता का हो अजून?"

"शिवते की. दोन-तीन महिने चालती एकेक. काम आलं की घडी घालायची, सुई कोपऱ्याला खोचायची, उतरंडीच्या बाजूला ठेवायची. परत बसलं की सुई जिथं असंल तिथून पुढं."

अर्धी वाकळ घरात असते तेव्हा तिला कुणी पसारा म्हणत नाही आणि ती शिवणारीला कुणी धरसोड म्हणत नाही. तिची घडी ठरलेली, जागा ठरलेली, पुढचा टाका कुठं हेही ठरलेलं. लेकराच्या कामाला आपण यातलं काहीच देत नाही, आणि वर एका बैठकीत संपवायची अट घालतो. आजींचं ते बोलणं मी आता जवळजवळ प्रत्येक आईला सांगते.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक कामाचं साहित्य वेगळं असतं. मुलानं ते स्वतः घ्यायचं, हवं तितका वेळ करायचं, जागेवर ठेवायचं. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, शिंपले असं भोवतालचं साहित्य घेतलं. आपण मराठवाड्यातले लोक, आपल्या भोवती काय आहे? बारदाना आहे, वाकळीच्या चिंध्या आहेत, लोकर आहे. दुकानातल्या तयार किटची गरज मला तरी कधी वाटलेली नाही.

तेव्हा सोन्याच्या आईशी बोलून आम्ही जे ठरवलं ते असं. एका कामाची एक कापडी पिशवी, खुंटीला, मुलाचा हात पोचेल इतक्या खाली. पिशवीत फक्त त्या कामाचे कापलेले तुकडे आणि दोरा. बाकीची कात्रणं नजरेआड. एक काम चालू, दुसरं वाट बघत, तिसरं घ्यायचंच नाही. मोबाइलवर नवा व्हिडिओ दिसला की आईच्याच हाताला खाज सुटते, हे सोन्याच्या आईनं स्वतःहून कबूल केलं. बैठक पंधरा-वीस मिनिटांची. मूल कंटाळायच्या जरा आधी थांबायचं, आणि थांबताना पुढचा टाका अर्धा घालून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडल्याबरोबर कुठून सुरू करायचं ते दिसतं, "आता काय करू?" हा प्रश्न उरत नाही. सुया मात्र पिशवीत ठेवायच्या नाहीत. त्या आईच्या डबीत. मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या.

शिवणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मी रडारड साहित्याची असते. सॅटीन किंवा सिंथेटिक साडीचा तुकडा मुलाच्या बोटांतून निसटतो आणि कडेनं उसवत जातो. पहिल्या कामाला बारदान्याचा स्वच्छ धुतलेला तुकडा घ्या. त्याची वीण इतकी मोकळी असते की बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई सहज पार होते. धारदार दाभण नको. बारदान्यावर हात बसला की टू बाय टू या ब्लाउजच्या कापडाची सुती कात्रणं द्या. दोरा मुलाच्या हाताएवढाच लांब ठेवा, त्याहून लांब असला की गुंता ठरलेला. दोरा दुहेरी करून टोकाला गाठ मारा, म्हणजे सुई सारखी निघून येत नाही.

आणि एक गोष्ट जवळून बघा. आपण धावदोरा दाखवतो, सुई वरून खाली, मग खालून वर. मूल मात्र खाली गेलेली सुई कडेवरून फिरवून परत वरच आणतं. आपण म्हणतो, चुकलास. अहो, तो कडेवरचा टाकाच आहे! दोन कापडं जोडायला तो चांगला चालतो, आणि या वयाच्या हाताला तो सोपा जातो. सोन्याला आम्ही तोच टाका दिला आणि "एक वरून, एक खालून" नंतर कधीतरी शिकू म्हटलं.

त्यानं शिवायला काय घेतलं? पोळा जवळ आला होता. सोन्या आईला म्हणाला, आपल्या मातीच्या बैलाला झूल पाहिजे. हे काम त्यानं स्वतः निवडलं, आणि माझ्या मते खरी कलाटणी इथं मिळाली. बारदान्याचा चौकोन, वर लाल सुती तुकडा, चारही बाजूंनी पिवळ्या लोकरीचा कडेवरचा टाका. कितीतरी बैठका चालला. मधे दोन दिवस त्यानं पिशवीकडे बघितलंही नाही. आईचा फोन आला, "मॅडम, परत सोडलं त्यानं." मी म्हटलं, "पिशवी खुंटीवर आहे ना? मग सोडलेलं नाही." तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पिशवी काढली.

चौथी बाजू त्यानं शिवलीच नाही. "झाली," म्हणाला. आईनं मला सांगितलं, तेव्हा हात आवरायला फार जड गेलं, पण आवरला. अमावास्येला मातीच्या बैलजोडीतल्या एकावर ती तीन बाजूंची झूल चढली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणी शिवली रे?" सोन्यानं जोरात सांगितलं, "मी!" दुसऱ्या बैलाची झूल त्यानं आपणहून सुरू केली. पोळा उलटून गेला होता, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

जुन्या पिशवीचं काय करायचं, हे आईनं विचारलं होतं. सोन्यासमोर सगळं परत मांडा आणि तो ठेवू म्हणेल तेवढंच ठेवा, असं मी सुचवलं. त्यानं मुखवटा ठेवला. हत्तीचं कापड कात्रणांच्या डब्यात गेलं.

आता दादाचं बघून तीन वर्षांची धाकटी सुई मागते आहे. तिला इतक्यात सुई नको. जाड पुठ्ठ्यावर बांगडीचा गोल काढा, कडेनं पंचनं भोकं पाडा आणि बुटाची लेस ओवायला द्या. कडक टोक असल्यानं ती भोकातून नीट जाते. लहान बटणं आणि मणी अजून काही महिने तिच्यापासून लांबच ठेवा, या वयाची मुलं अशा वस्तू तोंडात घालतात. आणि तिच्या पुठ्ठ्यालाही एक पिशवी, दादाच्या पिशवीशेजारी, तिचा हात पोचेल अशा खुंटीवर.