पेंटरकाकांना विचारा : चकाकी, नंबर आणि उधारी

मागच्या अंकात आम्ही जुन्या गाड्यांची जलरंगातली काही चित्रं छापली होती. ती काढणारे पेंटरकाका कराडजवळ हायवेवरच्या ट्रकबॉडीच्या शेडमध्ये अक्षरं टाकत मोठे झाले. आता ते चिंचवडला राहून लोकांच्या गाड्यांची चित्रं काढतात. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली ही उत्तरं.

काका, ट्रकवर नावं टाकणारा माणूस जलरंगाकडे कसा वळला? कुठल्या आर्ट स्कूलला होता? (सोलापूर)

शाळा म्हणाल तर शेडच. हायवेच्या कडेला बॉडी बांधणाऱ्यांची रांग होती. सुतार फळ्या ठोकायचा, वेल्डर कोपरे जोडायचा आणि त्या दोघांनी सगळा वेळ खाल्ल्यावर गाडी पेंटरकडं यायची. मालक बाहेर बाजेवर बसलेला, त्याचा बँकेचा हप्ता चालू झालेला. म्हणजे घाई सगळी आमच्या मानेवर. उस्तादांनी बरीच वर्षं माझ्या हातात ब्रश दिलाच नाही. लांबी म्हणजे पुट्टी भर, वॉटर पेपर मार, अस्तर दे, खडूची दोरी धर. मग कधीतरी लायनिंगचा लांब केसांचा ब्रश मिळाला. केबिनपासून फाळक्यापर्यंत एक पिवळी रेघ, श्वास धरून, न थांबता. मध्ये थांबलात की तिथं गाठ दिसते, आणि ऑईलपेंट पुसायला गेलं की डाग पसरतो.

लोक आता त्याला ट्रक आर्टची शैली वगैरे म्हणतात. शैली कसली, सगळी सोय होती. रंग डब्यातला तसाच वापरायचा, मिसळायचा नाही, कारण गाडी कुठं घासून परत आली तर तोच रंग जुळला पाहिजे. अक्षराला काळी कड, कारण मागच्या ड्रायव्हरला धुळीतून वाचता आलं पाहिजे. सावली कायम उजवीकडं खाली, कारण उस्तादांचा हात तसा बसलेला. कमळ, गरुड, डोंगराआडचा सूर्य आणि नारळाचं झाड एवढं जमलं की पेंटर तयार.

मग रेडियम कापायचं मशीन आलं. ज्या नावाला माझी दुपार जायची, ते चहा होईस्तोवर कापून चिकटवून मोकळे. मी चिंचवडला आलो आणि एका छोट्या स्टुडिओत सुट्या भागांच्या कॅटलॉगची चित्रं शाईनं काढायला लागलो. गिअरबॉक्स उघडून त्यातली एकेक चकती, एकेक वॉशर हवेत ओळीनं मांडल्यासारखं दाखवायचं. काम कंटाळवाणं, पण पत्र्याच्या आत काय असतं ते तिथं कळलं. पुढं तेही संगणकावर गेलं. जलरंग त्याच दिवसांत, संध्याकाळी, मजेखातर सुरू झाले. तेव्हाच्या माझ्या गाड्या बघितल्या तर हसू येईल. प्रत्येकीला ट्रकवरच्या अक्षरासारखी चारी बाजूंनी काळी कड. ती सुटायला फार काळ गेला. आधी काळीची तपकिरी झाली, मग फक्त सावलीच्या बाजूला राहिली, आता चाकाखाली तेवढी उरलीय.

काका, मी कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी गाडी प्लास्टिकची दिसते. चकाकी कशी आणायची? (कोल्हापूर)

बाळ, तू गाडीला गाडीचाच रंग देत असणार. लाल गाडी म्हणून सगळीकडं लाल आणि वरून पांढरे ठिपके. असं करू नकोस. उन्हात उभी असलेली गाडी नीट बघ. बॉनेट, टप, वर तोंड करून असलेला प्रत्येक पत्रा आकाश दाखवतो, तिथला लाल फिकट आणि निळसर होतो. दाराच्या कमरेखाली पत्रा आत वळतो, तिथं जमीन दिसते. डांबर असेल तर काळपट, मुरूम असेल तर भगवट. आणि या दोघांच्या मध्ये, दाराच्या साधारण अर्ध्यावर, एक गडद वेडीवाकडी पट्टी धावते. ते क्षितिज. समोरची झाडं, कंपाउंडची भिंत, बघत उभी असलेली तू, सगळं त्या पट्टीत चेंगरून बसलेलं असतं. ती बरोबर पडली की पत्र्याचा बाक आपसूक कळतो, वेगळं शेडिंग करत बसावं लागत नाही. अस्सल लाल उरतो तो जिथं पत्रा वळतो तिथं, जरासा.

क्रोमला तर स्वतःचा रंगच नाही. बंपरमध्ये वर आकाश, मध्ये कडक काळी रेघ, खाली जमीन. ती रेघ मऊ केलीस की क्रोमचं ॲल्युमिनियम होतं. पांढरी ॲम्बॅसडर काढताना कोरा कागद टपावर आणि बॉनेटच्या कडेला तेवढा राखायचा. बाकी गाडी राखाडी, जांभळट, खालच्या अंगाला मातकट. मुलं काळ्या गाडीला घाबरतात. मला ती सोपी वाटते, कारण तिच्यात आजूबाजूचं इतकं स्पष्ट दिसतं की बघून उतरवायचं एवढंच काम उरतं.

घरी एक कर. स्टीलचा डबा अंगणात ठेव आणि डबा सोडून त्यात दिसणारं अंगण काढ. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा. मग कुणाची जुनी चेतक स्कूटर मिळते का बघ. तिचा मागचा फुगीर पत्रा या अभ्यासाला फार चांगला. आणि गाडीखालची सावली आधी टाक. चित्रातली सगळ्यात गडद जागा तीच, बाकीचे रंग तिच्यावर जोखायचे. ती शेवटावर ठेवलीस तर सगळी गाडी फिकी पडते आणि जमिनीपासून वर तरंगते.

मोबाइलवर इतका सुंदर फोटो येत असताना चित्र कशाला? आणि तुम्हीही फोटो बघूनच काढता ना? (नाशिक)

फोटो बघूनच काढतो, त्यात लपवायचं काय? पण लोक फोटो काढतात गाडीला नाक लावून. मोबाइलच्या रुंद भिंगातून इतक्या जवळून पुढचा बंपर फुगतो आणि मागचं चाक सुपारीएवढं होतं. मालकाला ती आपली गाडी वाटत नाही, का ते त्याला सांगता येत नाही. तीसेक फूट मागं जा, झूम करा, मोबाइल हेडलाइटच्या उंचीला धरा, गाडी तिच्या मूळ अंगापिंडाची दिसते. दुसरं दुखणं चाकांचं. तिरपं बघितलं की चाक लंबवर्तुळ होतं, आणि त्याचा आखूड व्यास कायम ॲक्सलच्या दिशेनं जातो. बरेच जण लांब व्यास सरळ उभा काढतात, म्हणून चाक निखळल्यासारखं दिसतं. कॅटलॉगच्या कामाचे हे उपकार.

चित्र कशाला, हे ज्याला विचारावंसं वाटतं त्यानं काढून घेऊ नये.

परदेशात गाड्यांचे नामांकित चित्रकार होऊन गेले. तुम्ही कुणाचं काम बघता? (पुणे)

इंग्लंडचे गॉर्डन क्रॉस्बी. ‘द ऑटोकार’ या साप्ताहिकासाठी त्यांनी अनेक वर्षं शर्यती रंगवल्या. जॅग्वारच्या बॉनेटवर झेप घेणारं ते जनावर त्यांच्याच हातचं. फ्रान्सचे जिओ हॅम, १९३० च्या दशकातली मोनॅको शर्यतीची पोस्टरं त्यांची. त्यांच्या गाड्या उभ्या कागदावर धावतात.

वेगाबद्दल एक गंमत. जाक आंरी लार्तीग नावाच्या फ्रेंच तरुणानं एका शर्यतीत धावत्या गाडीचा फोटो काढला. त्यात चाक पुढं कललेलं लंबुळकं आणि कडेची माणसं मागं कललेली दिसतात. त्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काच असायची आणि शटरची फट तिच्यावरून सरकत जायची. फट पार होईपर्यंत गाडी पुढं गेलेली, म्हणून चाक कललं. तो गाडीबरोबर कॅमेराही फिरवत होता, म्हणून माणसं उलट्या दिशेला झुकली. यंत्राच्या त्या खोडीतून आपल्या डोळ्यांना वेगाची खूण मिळाली. व्यंगचित्रातली गाडी अजून तशीच पळते.

अमेरिकेत आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीनं १९५९ ते १९७१ पाँटिॲकच्या जाहिराती रंगवल्या. गाडी फिट्झपॅट्रिकची, माणसं आणि मागचा देखावा कॉफमनचा. गाडी मुद्दाम असते त्याहून रुंद काढायचे. डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर, हाच कंपनीचा सगळा प्रचार होता. पत्र्यावरचं आकाश कसं काढावं हे मी त्यांच्याकडून चोरलं, रुंदी चोरली नाही. आमच्याकडं मालक टेप घेऊन येईल. एअरब्रशनं केलेली हुबेहूब चित्रं मात्र मला लांबूनच बरी वाटतात. “वा, अगदी फोटो!” म्हणून माणूस पुढच्या चित्राकडं जातो.

अलीकडच्या चित्रांत तुमच्या गाड्या पोचे पडलेल्या, गंजलेल्या का असतात? नवी कोरी गाडी आवडत नाही का? (ठाणे)

आवडते, पण काढायला फार काही देत नाही. दारावरची ती क्षितिजाची पट्टी मघाशी सांगितली ना, पोचा आला की ती तुटते, उलटी होते, त्यात भलतंच झाड उगवतं. रंगवणाऱ्याला तिथं मेजवानी. दुसरं कारण डोळे. चष्म्याचा नंबर वाढला तसा स्पोक मोजणं सुटलं आणि ब्रश जाड झाला. लोक त्याला प्रगल्भता म्हणतात, मी नाही म्हणत नाही.

मालकाशी यावरून खटके उडतात. “काका, तो पोचा काढून टाका की.” मी म्हणतो, गॅरेजला नेलीत तर तिथं निघेल. शेवटी तह होतो. पोचा राहतो, नंबर मात्र स्वच्छ वाचता येईल असा. फाटक्या जलरंगी धुक्यातही नंबर लखलखीत पाहिजे, हा आपल्याकडचा नियम आहे.

यावर पोट भरतं का? (लातूर)

एकट्या चित्रांवर नाही. बुलेटची टाकी नव्यानं रंगवली की सोनेरी रेघेला माणसं माझ्याकडं येतात. जुन्या गाड्यांचे हौशी लायनिंगला बोलावतात. शेडमधला तो हात अजून चूल पेटवतो. चित्रांच्या ऑर्डरी बहुतेक मायेपोटी येतात, जसं वडिलांचा ट्रॅक्टर, लग्नातली फियाट. एका एसटी ड्रायव्हरांच्या निवृत्तीला डेपोतल्या सहकाऱ्यांनी त्यांची लाल गाडी काढून घेतली. डावा वायपर राहिला म्हणून सगळे माझ्यावर तुटून पडले. ड्रायव्हरसाहेबांनी चित्र हातात घेतलं आणि आधी वायपरच बघितला. म्हणाले, “बरोबर आहे. तो कधी नव्हताच. अर्ज किती दिले.”

पैशाचं म्हणाल तर निम्मे आधी, हे ठरलेलं. एका शोरूमवाल्यानं दिवाळीच्या कॅलेंडरला चित्रं नेली, पैसे पाडव्याला देतो म्हणाला. कुठल्या पाडव्याला ते विचारायचं राहिलं.

‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी आली, नंबरप्लेटही आता कंपनीच्या. पेंटरांचं काय? (सातारा)

‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०१५ साली मनाई केली, उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून. हेतू योग्यच होता. हॉर्न काही कमी झाले नाहीत, आमची एक ओळ गेली. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची, मग जुन्यांनाही आली. चोरीला आळा बसत असेल तर उत्तम. पण नाक्यावर स्टुलावर बसून नंबर टाकणारा माणूस त्या प्लेटांवर संसार चालवत होता. त्यातले काही आता दुकानांच्या शटरवर लिहितात, काही गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतात. शेडमधल्या माझ्या जोडीदारानं रेडियमचंच दुकान टाकलं आणि माझ्याहून बरं कमावतो.

माझे वडील मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे. गाडी भंगारात गेली, एकच कृष्णधवल फोटो आहे, तोही अर्ध्या गाडीचा. चित्र होईल का? (डोंबिवली)

होईल, ताई. ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याला बनत होती, आधी फियाट ११०० डिलाइट म्हणून, पद्मिनी हे नाव मागाहून आलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून बाद झाली. पण हौशी लोकांकडं या गाड्या अजून आहेत, राहिलेली अर्धी बाजू त्यांवरून बघता येते. काळं अंग, पिवळा टप, रंगाची अडचण नाही.

मला तुमच्याकडून दुसरंच हवंय. पुढची जाळी सगळ्या वर्षांत सारखी नव्हती, म्हणून गाडी कुठल्या सालची ते आरसी पुस्तकावर बघा. टपावर कॅरिअर होता का? मीटर बाहेर लावलेला जुना पत्र्याचा होता की नंतरचा इलेक्ट्रॉनिक? डॅशबोर्डवर कुठला देव, काचेवर कुणाचं नाव? वडील गाडी कुठल्या स्टँडला लावायचे, आणि सकाळी की रात्री? त्यावर पत्र्यात कुठलं आकाश काढायचं ते ठरेल. घरात कुणाला आठवत नसेल तर त्यांच्या स्टँडवरच्या जुन्या ड्रायव्हरांना विचारा, ते पोचेसुद्धा सांगतील. आणि फोटोची मूळ प्रत पाठवू नका. स्टुडिओत नेऊन मोठी कॉपी काढा, नंबरचा भाग वेगळा मोठा करून घ्या.