सिलिकॉनमधील स्पिन क्युबिटच्या लॉजिक गेटमध्ये नॉइजमुळे येणाऱ्या चुका कशा कमी करतात?
स्पिन क्युबिट म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये (त्याच्या सूक्ष्म चुंबकासारख्या गुणधर्मात) साठवलेले क्वांटम संगणकातील माहितीचे एकक. नॉइजचे, म्हणजे नको असलेल्या चढउतारांचे, एक मूळ पदार्थातच असते: नैसर्गिक सिलिकॉनमधील सुमारे ४.७ टक्के अणू सिलिकॉन-२९ या समस्थानिकाचे असतात आणि त्यांच्या केंद्रकांच्या स्पिनमुळे इलेक्ट्रॉनचा स्पिन भरकटतो, म्हणून शुद्ध केलेले सिलिकॉन-२८ वापरतात.

खरा त्रास विद्युतभारांच्या नॉइजचा आहे. दोन क्युबिटांचे गेट (येथे गेट म्हणजे क्रिया, इलेक्ट्रोड नव्हे) शेजारच्या इलेक्ट्रॉनांमधील विनिमय-अन्योन्यक्रियेवर (त्यांच्या स्पिनांच्या एकमेकांवरील परिणामावर) चालते, आणि ऑक्साइडमधील दोषांत अडकलेले विद्युतभार हलले की तिची तीव्रता बदलते. दोन क्वांटम डॉटांच्या (इलेक्ट्रॉन धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म जागांच्या) ऊर्जापातळ्या एकमेकींच्या सापेक्ष कलवून ही क्रिया चालू करण्याऐवजी, त्या समतोल ठेवून केवळ दोन डॉटांमधला ऊर्जेचा अडथळा खाली आणला, तर ऊर्जाफरकातील लहान चढउतारांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. माझ्या मते सर्वांत मोठा फायदा याच युक्तीचा आहे. उरलेल्या मंद नॉइजसाठी गेटच्या मध्यावर दोन्ही क्युबिटांना १८० अंश फिरवणारे स्पंद देतात, म्हणजे पूर्वार्धात साचलेली कलेतील (फेजमधील) चूक उत्तरार्धात फिटते. स्पंदाच्या कडाही गोलसर ठेवतात.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि जपानमधील रिकेन येथील गटांनी २०२२ मध्ये दोन क्युबिटांच्या गेटची अचूकता ९९ टक्क्यांपलीकडे गेल्याचे प्रसिद्ध केले.