साक्ष देताना जीभ अडखळते तेव्हा

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझ्या मित्राने सरळ विचारलं, ‘घरात एवढं आजारपण असताना तू खचला कसा नाहीस?’ आणि ‘होते हळूहळू सवय’ म्हणून तू विषय बदललास. त्याची टोचणी तुला लागली आहे. लागू दे, पण अपराधीपणाने पछाडून जाऊ नकोस. साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव दुसऱ्याला सांगणं; ओझं उतरवायचं म्हणून दिलेली साक्ष ऐकणाऱ्यालाही ओझंच वाटते.

‘मला शास्त्र पुरेसं येत नाही, उलट प्रश्न आला तर?’ असं तू लिहितोस. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 9 वा अध्याय काढ. येशूमुळे जन्मांध भिकाऱ्याला दृष्टी मिळते आणि त्याची उलटतपासणी सुरू होते. येशू कुठे आहे? ठाऊक नाही. तो पापी आहे ना? तेही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. आणखी एक बघ. आधी तो ‘येशू नावाचा माणूस’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’, आणि शेवटी येशूला नमन करतो. लोकांना उत्तरं देता देता त्याचा स्वतःचाच विश्वास वाढत गेला! सगळं कळल्यावर बोलू, असं म्हणत तो थांबला नाही. मला हा अध्याय फार प्रिय आहे, कारण त्यात भीतीही लपवलेली नाही. सभास्थानातून, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळातून, बहिष्कृत होण्याच्या धाकाने त्याचे आईवडील ‘तो वयात आला आहे, त्यालाच विचारा’ म्हणून अंग काढून घेतात. त्याला तर खरोखरच बाहेर घालवलं, आणि हे कळताच येशूने त्याला गाठलं.

प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहितो, की तो त्यांच्याकडे अशक्त, भीत आणि थरथर कापत आला होता. तेव्हा धीर येण्याची वाट पाहत बसू नकोस.

आधी लपवणं थांबव. रविवारी कुठे होतास असं कुणी विचारलं, तर ‘जरा काम होतं’ म्हणू नकोस. ‘उपासनेला गेलो होतो’ म्हण. कुणी दुःखात असेल, तर ‘तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचार. नको म्हणाला तर नको. कुणाच्या अडचणीचा फायदा घेऊन विश्वास गळी उतरवायचा नाही, मदतीचं आमिष तर मुळीच दाखवायचं नाही; याबाबत मी ठाम आहे. त्याच्या श्रद्धेलाही नावं ठेवू नकोस, ती त्याला त्याच्या आईकडून मिळालेली असते. आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, असं येशूचा शिष्य पेत्र सांगतो, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असंही सांगतो. मन पालटणं पवित्र आत्म्याचं काम आहे, तुझं नाही.

त्या मित्राला पुन्हा भेट. ‘तू विचारलंस तेव्हा मी टाळलं. खरं तर रात्री इस्पितळात बसून स्तोत्रं वाचायचो, त्यामुळेच मी तग धरला,’ इतकंच सांग आणि मग त्याचं ऐक. उत्सुकता वाटली तर मार्काचं शुभवर्तमान वाचायला दे. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं आहे. नाही वाटली, तरी तुमच्या गप्पा, येणंजाणं सगळं आधीसारखंच चालू ठेव. मी तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करतो आहे.

प्रभूमध्ये तुझा,
दादा